१८१ विजयांनंतरचा एक पराभव : गेबल आणि ओविंग्ज, १९७०

अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीचा सर्वांत धक्कादायक निकाल कोणता, आणि इतक्या वर्षांनंतरही प्रशिक्षक त्याचा दाखला का देतात, असा प्रश्न आहे. पहिल्या भागाचे उत्तर एका ओळीत देता येते. २८ मार्च १९७० रोजी शिकागोजवळच्या इव्हान्स्टन येथे, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या क्रीडागृहात, राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या १४२ पौंड गटाच्या अंतिम लढतीत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॅरी ओविंग्जने आयोवा स्टेट विद्यापीठाच्या डॅन गेबलला १३-११ असे हरवले. दुसऱ्या भागाला मात्र सविस्तर लिहावे लागेल. या लढतीची जी गोष्ट सर्रास सांगितली जाते, म्हणजे 'हरला, पेटून उठला आणि ऑलिंपिक जिंकला', ती खोटी नाही. पण ती अर्धवट आहे आणि मुले घडवणाऱ्या माणसाच्या फारशी उपयोगाची नाही. गेली अनेक वर्षे मी मॅटवरच्या कुस्तीचे प्रशिक्षण देत आलो आहे, आणि या एका लढतीकडे मी जितक्या वेळा परत आलो, तितका कोणत्याही ऑलिंपिक अंतिम लढतीकडे आलो नसेन.

आधी प्रकार समजून घ्यावा लागेल, कारण आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर कुस्ती म्हटले की एक तर लाल मातीचा आखाडा येतो किंवा ऑलिंपिकची मुक्त शैली. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांची कुस्ती या दोहोंहून वेगळी आहे. मातीत पाठ लागली की निकाल लागतो. मुक्त शैलीत डाव किती धोक्याचा होता यावर गुण मिळतात. आणि अमेरिकी महाविद्यालयीन कुस्तीत या सगळ्यापेक्षा ताब्याला महत्त्व आहे. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्यावर ताबा मिळवला की त्या काळी दोन गुण मिळत. खालचा मल्ल निसटून उभा राहिला तर त्याला एक गुण, त्याने वरच्यालाच उलटवून ताबा घेतला तर दोन गुण, आणि खांदे मॅटच्या जवळ नेऊन काही क्षण धरून ठेवले तर आणखी गुण. वरच्या मल्लाने खालच्याला किती वेळ दाबून ठेवले याचेही घड्याळ चालते आणि त्याचा वेगळा गुण असतो. चितपट झाली तर लढत तिथेच संपते. १९७० मध्ये एक लढत आठ मिनिटांची असे, आणि ज्यांनी मॅटवर कधी पाऊल टाकले आहे त्यांना आठ मिनिटे म्हणजे काय हे सांगायला नको.

डॅन गेबल हा आयोवा राज्यातील वॉटर्लू गावचा. शाळेत असताना त्याने ६४ लढती खेळल्या आणि सर्व जिंकल्या. आयोवा स्टेटमध्ये प्रशिक्षक हॅरॉल्ड निकोल्स यांच्या हाताखाली आल्यावर त्याने १९६८ आणि १९६९ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या काळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे, त्यामुळे कोणत्याही मल्लाला जास्तीत जास्त तीनच विजेतेपदे शक्य होती, आणि गेबल तिसऱ्यासाठी उतरला होता. अंतिम लढतीपर्यंत महाविद्यालयातील त्याचे ११७ विजय झाले होते. शाळेचे ६४ आणि हे ११७ मिळून १८१ विजय, पराभव शून्य. हा आकडा फक्त शाळा-महाविद्यालयाच्या लढतींचा आहे, मुक्त शैलीच्या स्पर्धा त्यात धरलेल्या नाहीत. 'आयुष्यात एकदाच हरलेला मल्ल' असे जे लिहिले जाते, ते वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.

गेबलच्या सरावाबद्दलच्या कथा एवढ्या आहेत की त्यांतल्या खऱ्या किती हे वेगळे करणे अवघड आहे. पण त्या झपाटलेपणाच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि ती कथा नाही. १९६४ साली, डॅन पंधरा वर्षांचा असताना, त्याच्या मोठ्या बहिणीची राहत्या घरी हत्या झाली. आईवडिलांना त्या घरात धरून ठेवणारे काहीतरी आपणच दिले पाहिजे, असे त्या मुलाने मनाशी घेतले, आणि त्याला देता येण्यासारखी गोष्ट कुस्तीच होती. न हरण्याचा एवढा भार त्या खांद्यांवर का होता, हे त्यावरून कळते.

ओविंग्ज हा ओरेगॉन राज्यातल्या कॅन्बी या छोट्या गावाचा. १९७० साली तो महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात होता. दोघांची गाठ याआधी एकदा पडली होती. १९६८ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत गेबलने त्याला १३-४ असे सहज हरवले होते. हा तपशील लोक पटकन ओलांडून जातात, पण माझ्या मते लढतीचे अर्धे स्पष्टीकरण त्यातच आहे. मोठ्या मल्लाच्या नावाने लोक हरतात ते बहुतेक वेळा त्याचा हात अंगाला लागण्याआधीच. ओविंग्जने तो हात आधीच अनुभवला होता. गेबल किती जोराने दाबतो, कोणत्या बाजूने येतो, खाली घेतल्यावर हात कसे आवळतो, हे त्याला ऐकून नव्हे तर अंगाने माहीत होते. शिवाय त्याने जे केले ते फारसे कुणी केले नसते. तो हंगामात वरच्या वजनगटांत खेळत होता आणि तिथेच राहिला असता तर त्याला विजेतेपदाची चांगली संधी होती. तरी त्याने वजन उतरवले, १४२ पौंडांवर, म्हणजे सुमारे ६४ किलोंवर आला, आणि आपण गेबलसाठी या गटात आलो आहोत हे उघडपणे सांगितले. बाकी सगळे मल्ल गेबलच्या गटातून पळ काढत असताना हा एकटा उलट दिशेने चालत आला.

लढतीच्या आधी काय घडले हे गेबलने नंतर अनेकदा सांगितले आहे. एका दूरचित्रवाणी वाहिनीला त्याच्याकडून आधीच एक वाक्य बोलून हवे होते, की मी डॅन गेबल, माझी कारकीर्द १८२-० अशी संपताना पाहायला या. ते वाक्य त्याच्याकडून नीट बोलले जाईना आणि पुन्हा पुन्हा घ्यावे लागले. दुसरे म्हणजे, ओविंग्जची वक्तव्ये वाचून त्याचे लक्ष त्या एका प्रतिस्पर्ध्यावर खिळले आणि स्पर्धेदरम्यान तो त्याच्या लढती पाहत बसला, जी त्याची सवय नव्हती. वरवर या क्षुल्लक गोष्टी वाटतात. परंतु लढतीआधीचा तास हा मल्लाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक तास असतो. अंग कधी तापवायचे, कुणाशी बोलायचे, कुठे बसायचे याची घडी बसलेली असते आणि ती घडी म्हणजेच त्याची शांतता असते. गेबलची घडी त्या दिवशी मोडली होती.

लढत सुरू होताच ओविंग्जने आक्रमण केले आणि मोठी आघाडी घेतली. नावाजलेल्या मल्लासमोर उतरलेला माणूस सहसा खडाखडीत वेळ काढतो, अंदाज घेतो; याने तसे केले नाही. गेबल मागे पडला, आणि मागे पडणे म्हणजे काय हे त्याला जवळजवळ माहीतच नव्हते. तरीही तो हळूहळू वर आला, ओविंग्जला खाली दाबून धरण्याचा वेळही त्याच्याच खात्यात जमत गेला, आणि शेवटच्या मिनिटात तो १०-९ असा पुढे होता. अमेरिकेत ही लढत ज्यांनी पाहिली त्यांतल्या बहुतेकांना त्या क्षणी वाटले असणार की आता झाले, राजा पुन्हा गादीवर बसला. मग, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना, ओविंग्जने गेबलला खाली नेले आणि पाठीच्या बाजूला वळवले. ताब्याचे दोन आणि पाठ दाखवल्याचे दोन, असे चार गुण एकाच हालचालीत गेले. उरलेल्या सेकंदांत गेबलच्या बाजूने फक्त एका गुणाची भर पडली आणि फलकावर १३-११ उमटले.

बक्षीस समारंभात दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर मान खाली घालून उभ्या असलेल्या गेबलसाठी सगळे क्रीडागृह उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. ओविंग्जला स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मल्ल म्हणून गौरवण्यात आले. सांघिक विजेतेपद मात्र आयोवा स्टेटलाच मिळाले. ज्या संघाने त्या दिवशी देश जिंकला त्याच संघातल्या सर्वांत मोठ्या मल्लाला ती संध्याकाळ पराभवाची म्हणून आठवते, हा विरोधाभास मला नेहमीच विलक्षण वाटतो.

आता मुख्य मुद्दा. गेबल का हरला? 'दमला' हे उत्तर टिकत नाही, कारण दमलेला माणूस एवढ्या पिछाडीवरून आघाडी घेत नाही. 'गर्व नडला' हे उत्तर तर त्याहून वाईट आहे, कारण गेबलइतका स्वतःवर असमाधानी मल्ल शोधून सापडणार नाही. माझे उत्तर वेगळे आहे, आणि ते माझे अनुमान आहे हे स्पष्ट करतो. जो मल्ल वर्षानुवर्षे बहुतेक लढती लवकर निकाली काढतो, त्याच्या शिक्षणातला एक धडा कायमचा कोरा राहतो, आणि तो धडा म्हणजे एका गुणाने पुढे असताना शेवटचे अर्धे मिनिट कसे खेळायचे. त्या वेळी पायांमधले अंतर किती ठेवावे, डाव लावण्याचा मोह कधी आवरावा, मॅटच्या कडेचा उपयोग कसा करावा, ही कौशल्ये अटीतटीच्या लढतींतूनच येतात आणि अटीतटीच्या लढती गेबलच्या वाट्याला आल्याच नव्हत्या. त्याला फक्त पुढे जाणे माहीत होते. विजयांनी त्याच्या उणिवा भरून काढल्या नाहीत. त्यांनी त्या झाकल्या. आपल्याकडच्या तालमींतही हे दिसते. गावोगावच्या मैदानांत पहिल्या दोन मिनिटांत कुस्ती मारणारा पोरगा मॅटवर आला आणि सहाव्या मिनिटाला पोहोचला, की तो एकदम अनोळखी प्रदेशात शिरल्यासारखा दिसतो. वस्ताद बाहेरून ओरडत असतात आणि त्याला काहीही ऐकू येत नसते.

गेबलने पुढे जे केले ते 'अधिक मेहनत' एवढ्या शब्दांत मावत नाही. मेहनत तो आधीही अमानुष करत होता. बदलले ते हे, की त्याने जिंकलेल्या लढतींकडेही हरलेल्या लढतींच्या नजरेने पाहायला सुरुवात केली. त्या पराभवाने आपल्याला अधिक चांगला मल्ल आणि अधिक चांगला प्रशिक्षक बनवले, असे तो सातत्याने म्हणत आला आहे. १९७१ साली तो सोफिया येथे विश्वविजेता झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ६८ किलो गटात त्याने सुवर्णपदक जिंकले, आणि तेही संपूर्ण स्पर्धेत एकही गुण न देता. पहिल्याच लढतीत भुवईजवळ फुटून टाके पडले होते आणि गुडघाही दुखावलेला होता. पेटून उठलेला माणूस सुवर्णपदक जिंकू शकतो. परंतु एकही गुण न देणे हे पेटण्याचे काम नाही, ते भोके बुजवण्याचे काम आहे. इव्हान्स्टनला तेरा गुण देणाऱ्याने म्युनिकला शून्य गुण दिले, या दोन आकड्यांमधला प्रवास हाच त्या लढतीचा पहिला वारसा आहे.

दुसरा वारसा त्याहून मोठा आहे. म्युनिकनंतर गेबल आयोवा विद्यापीठात साहाय्यक प्रशिक्षक म्हणून गेला. (आयोवा स्टेट आणि आयोवा ही दोन वेगळी, एकमेकांची कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठे आहेत, आपल्याकडे ही गल्लत नेहमी होते.) १९७६-७७ च्या हंगामापासून १९९७ पर्यंत तो तिथे मुख्य प्रशिक्षक होता. या काळात आयोवाने १५ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळवली, त्यांपैकी ९ सलग, १९७८ ते १९८६. संघाच्या ३५५ विजयांसमोर पराभव अवघे २१. लॉस एंजेलिस येथील १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकी मुक्त शैली संघाचा प्रशिक्षक होता आणि त्या संघाने सात सुवर्णपदके जिंकली. सोव्हिएत संघ आणि त्याचे मित्रदेश तिथे नव्हते, हे त्यासोबत नोंदवलेच पाहिजे. आयोवाच्या मल्लांची जी ओळख झाली, म्हणजे शेवटच्या मिनिटात समोरचा मोडेपर्यंत न थांबणारा दाब, तिच्याकडे पाहिले की मला इव्हान्स्टनचे ते अखेरचे अर्धे मिनिट आठवते. जिथे तो स्वतः सापडला होता तिथेच त्याने आपल्या शिष्यांना सर्वांत मजबूत केले.

गोष्टीचा उरलेला अर्धा भाग ओविंग्जचा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. त्या विजयानंतर त्याच्याकडून लोकांची अपेक्षा एकच राहिली, की यापुढे याने हरता कामा नये. १९७१ आणि १९७२ या दोन्ही वर्षी तो राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचला आणि दोन्ही वेळा उपविजेता राहिला. सलग तीन वर्षे अंतिम लढत खेळणे ही कोणत्याही मल्लाची मानाची कारकीर्द आहे, पण ओविंग्जची ती अपुरी वाटावी असे त्याच्या पहिल्याच यशाने करून ठेवले होते. १९७२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत तो पुन्हा गेबलसमोर आला, आणि या वेळी गेबलने ७-१ असा विजय मिळवला. पुढे ओविंग्ज शिक्षक आणि शालेय कुस्तीचा प्रशिक्षक झाला. ज्या विद्यापीठासाठी त्याने तो विजय मिळवला त्या वॉशिंग्टन विद्यापीठाने कालांतराने आपला कुस्ती संघच बंद केला. वॉटर्लू येथे गेबलच्या नावाचे कुस्ती संग्रहालय आहे. जिंकणाऱ्याच्या वाट्याला एक संध्याकाळ आली आणि हरणाऱ्याच्या वाट्याला एक युग, असे म्हणण्याचा मोह होतो. पण गेबलकडे म्युनिकपर्यंत आणि नंतर आयोवापर्यंतची वाट होती, पाठीशी कुस्तीवेडे राज्य होते. ओविंग्जकडे यांतले फारसे काही नव्हते, आणि त्याला नशिबाने साथ दिलेला मल्ल म्हणणाऱ्यांनी १३-११ हा गुणफलक पुन्हा वाचावा. नशिबाने एक डाव लागतो, तेरा गुण लागत नाहीत.

एका बाबतीत मात्र ओविंग्जचे अनुकरण करू नये, असे मी माझ्या मुलांना बजावतो, आणि ती बाब म्हणजे वजन उतरवणे. त्याच्या कथेत ते धाडस म्हणून शोभते. परंतु १९९७ च्या अखेरीस, जेमतेम महिनाभराच्या काळात, अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवण्याच्या प्रयत्नात मरण पावले, आणि त्यानंतर तिथले वजनाचे नियम मुळापासून बदलण्यात आले. रबरी पोशाख, अतितप्त खोल्या, पाणी तोडणे या गोष्टींवर तिथे बंदी आली. आपल्याकडे निवड चाचणीच्या आदल्या रात्री अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून धावणारी पोरे मी अजूनही पाहतो. त्यांच्या पालकांना मी गेबलची गोष्ट सांगत नाही, या तीन मुलांची सांगतो.

या लढतीने आणखी एक गोष्ट केली. अपराजित राहण्याच्या आकड्याला तिने एक वेगळेच वजन दिले. त्यामुळे जेव्हा त्याच आयोवा स्टेटचा केल सँडरसन १९९९ ते २००२ या चार वर्षांत १५९ लढती खेळून एकदाही न हरता चार वेळा विजेता झाला, तेव्हा त्याच्या प्रत्येक हंगामावर गेबलच्या त्या एका पराभवाची सावली होती. आणि मार्च २०२५ मध्ये फिलाडेल्फिया येथे तर इतिहासाने नावासकट पुनरावृत्ती केली. गेबल स्टीव्हसन, ज्याचे नाव आईवडिलांनी डॅन गेबलवरूनच ठेवले होते, टोकियोचा ऑलिंपिक विजेता आणि सलग ७० लढतींत अजिंक्य, हा सर्वांत वरच्या वजनगटाच्या अंतिम लढतीत ओक्लाहोमा स्टेटच्या वायट हेंड्रिक्सनसमोर ४-२ असा पुढे होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात हेंड्रिक्सनने त्याचे पाय धरून त्याला खाली नेले. आता नियमानुसार ताब्याला तीन गुण मिळतात, आणि लढत ५-४ अशी संपली. याच स्टीव्हसनने टोकियोत स्वतःचे सुवर्णपदक अखेरच्या सेकंदाला डाव टाकून जिंकले होते. म्हणजे शेवटच्या क्षणी मागून येऊन जिंकणे त्याला उत्तम माहीत होते, पुढे असताना तो क्षण राखणे हे वेगळेच कसब निघाले.

म्हणून माझ्याकडे आठवड्यातून दोनदा, सरावाच्या अगदी शेवटी, अंगात त्राण उरलेले नसताना, एक ठरावीक प्रकार होतो. तालमीतल्या सर्वांत तगड्या मुलाला उभे करायचे, फलकावर त्याची एका गुणाची आघाडी लिहायची, घड्याळात तीस सेकंद लावायचे आणि समोर ताज्या दमाचा जोडीदार सोडायचा. तो टिकला तर दुसरा जोडीदार, मग तिसरा. सुरुवातीचे काही आठवडे तगडी मुले यात जवळजवळ दर वेळी हरतात आणि चिडतात, कारण त्यांना पुन्हा पट काढायला धावायचे असते. गेल्या पावसाळ्यात एकाने रागाने विचारले, "सर, मी पुढे आहे, तर मीच का हरतोय?" मी त्याला भिंतीला टेकवून बसवले आणि मोबाइलवर १९७० च्या त्या लढतीची शेवटची तीस सेकंदे तीनदा दाखवली. तो काही बोलला नाही. उठला, पायांतले अंतर थोडे कमी केले आणि पुन्हा मॅटवर गेला.